कागद खरवडलेली बाटली

दांडिया बाजारातल्या त्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा काम काय आहे हेही विचारलं नव्हतं. नवरा सरकारी पागेत चाकरीला लागला म्हणून दाभोळच्या खाडीवरून आम्ही बडोद्याला आलो, आणि दुसऱ्याच वर्षी तापानं तो गेला. तिकडे परत जावं असं माझं कुणी उरलं नव्हतं. शेजारच्या गुजराती बेननं त्याच्या आजारपणात मला पाहिलं होतं. ती म्हणाली, "एक डोशीमा पडल्यात, माणूस शोधतायत. तू जा. तारो हाथ सारो छे." तुझा हात चांगला आहे, असं.

डोशीमा म्हणजे रावसाहेबांच्या म्हाताऱ्या आई, माई. रावसाहेब महाराजांच्या कचेरीत हुद्द्यावर होते. माई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आता उठणं नाही, असं डाक्तर सांगून गेले होते. त्यांचं अंग पुसायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून थोड्या थोड्या वेळानं कूस बदलायची, लाल आलवण आणि खालचं धडुतं बदलायचं, हे माझं काम. पाणी आणि जेवण मात्र वहिनींच्या, म्हणजे सुनेच्या हातचं, सोवळ्यातलं. मी शिवलेलं पाणी त्या पीत नसत. औषधाचं तेवढं वेगळं. औषधाला विटाळ नाही, असं त्या स्वतःच म्हणत, म्हणून चमचा माझ्या हाती.

पहिले आठ दिवस मी घाबरून घाबरूनच काम केलं. कूस बदलताना मी त्यांना बोटांच्या टोकांनीच धरायची. माई म्हणायच्या, "अगं, मी काय काचेची बरणी आहे? फुटायचं ते फुटलंय. धर नीट."

दुपारी घर निजलं की त्या माझ्याकडून पोथी वाचून घेत. त्यांची दृष्टी गेली होती, पण पोथी तोंडपाठ. माझी शाळा तिसरीच्या पुस्तकात सुटली होती. आईला बाळ झालं, पाळणा हलवायला कोणीतरी हवं होतं. इथे बडोद्यात मुलीला शाळेत धाडलं नाही तर सरकार बापाला दंड करतं, हे ऐकून मला आधी ते खोटंच वाटलं होतं. जोडाक्षर आलं की मी अडखळायची आणि माई डोळे मिटूनच सांगायच्या, "मागे जा. अक्षराला वळसा घालून पळू नकोस. तोड, आणि मग जोड." अशी मी चाळिशीला टेकल्यावर वाचायला शिकले. माझ्या आईनं माझ्यासाठी जे केलं नाही ते या अंथरुणावरच्या बाईनं केलं.

पावसाळा सरता सरता माईंची छाती भरली. खोकला जाईना, अन्न जाईना. एके दिवशी रावसाहेबांनी मला बाहेर बोलावून एक बाटली दिली. "रोज दोनदा, एक चमचा. विचारलं तर बदामाचं तेल म्हणून सांगा. हे पोटात गेलं तरच अंगात ताकद येईल, असं डाक्तर म्हणतात." बाटली ओलसर होती. तिच्यावरचा छापील कागद भिजवून नखानं खरवडलेला दिसत होता.

मी रोज दोन चमचे देत राहिले. माई तोंड वेडंवाकडं करून गिळायच्या. "बदामाला हा असला वास?" "विलायती बदाम असतील, माई." वास मी ओळखला होता, पण मी स्वतःलाही ते सांगत नव्हते.

दहाव्या-अकराव्या दिवशी खिडकीतून ऊन आत आलं होतं. मी बूच काढलं आणि तो वास एकदम अंगावर आला. मला आमची खाडी दिसली, काठावर उपड्या टाकलेल्या होड्या, फळ्यांना तेल चोपडणारा मामा. त्याच्या हाताला हाच वास असायचा, जेवतानासुद्धा. डोळे कधी भरले ते मला कळलं नाही. पण नाक ओढल्याचं माईंना कळलं.

"रडतेस होय गं?"

"नाही माई. घर आठवलं जरा."

"तेलानं घर आठवतं?"

"आमच्याकडे होडीला लावतात ना," मी बोलून गेले.

मी चमचा तसाच धरून उभी. मग माईंनी विचारलं, "होडीला कसलं तेल लावतात?"

तेव्हा खोटं बोलता आलं असतं. करंजाचं म्हणाले असते तरी भागलं असतं. पण ज्या बाईनं मला अक्षराला वळसा घालून पळू नकोस म्हणून सांगितलं होतं, तिच्यासमोर माझी जीभ वळेना.

"मुशीचं," मी म्हणाले. "माशाच्या काळजाचं. हे त्याच जातीचं."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पदराच्या टोकानं त्यांनी ओठ पुसले, पुन्हा पुसले. मग म्हणाल्या, "पलीकडच्या वाडीत गाय आहे. वाटीभर गोमूत्र आण. कुणाला दाखवू नकोस." मी पदराखाली झाकून वाटी आणली. तळहातावर थेंब घेऊन त्यांनी तीनदा प्राशन केलं आणि वाटी मला धुवायला दिली.

"आता ऐक. माझ्या लेकाला यातलं काही कळता कामा नये. त्यानं पाप केलं ते माझ्यासाठी. मला कळलंय हे त्याला समजलं तर तो माझ्यासमोर मान वर करायचा नाही. तू रोज चमचा भर, आणि ओतून टाक."

खिडकीबाहेर दोन कुंड्या होत्या. मी जवळच्या कुंडीकडे हात नेला तशी पानं सळसळली. "तिथे नको," माई म्हणाल्या, "तो गवती चहा आहे. सून चहात घालते. सगळं घर बाटवशील. कोरफडीत ओत."

असं रोज दोनदा चाललं. बाटली संपली, रावसाहेबांनी दुसरी आणली, तिचाही कागद खरवडलेला. कोरफडीच्या कुंडीशी एक भुरी मांजरी येऊन बसू लागली. माती चाटायची, पातं चाटायची. दोन आठवड्यांत तिचं अंग चकचकीत झालं. मी ते सांगितलं की माई खोकता खोकता हसायच्या. "चला, कुणाला तरी गुण आला."

त्यांना मात्र गुण आला नाही. हाताची हाडं दिसायला लागली. कूस बदलताना पूर्वी मला जोर लावावा लागे, आता लुगड्याची घडी उलटावी तशा त्या उलटायच्या. मी विनवलं, "माई, घ्या ना. पुढे प्रायश्चित्त करू." त्या म्हणाल्या, "नकळत घेतलं त्याचं प्रायश्चित्त असतं. कळून घेतलं त्याचं काय?"

एक दिवस मी ठरवलं, रावसाहेबांना सांगायचं. सकाळची वेळ होती. ते झोपाळ्यावर बसून पगडी नीट करत होते. मी दारात उभी राहिले. मी तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले, "बाई, तुम्ही आहात म्हणून मी कचेरीत निवांत बसू शकतो. आईला रोज एक खोटं सांगावं लागतं, तेही तुमच्या तोंडून. मला ते जमलं नसतं." नीट केलेली पगडी त्यांनी पुन्हा काढून हातात घेतली. मी म्हणाले, "माई बऱ्या आहेत आज." आणि परत आले.

मला काय हवं होतं हे आजही नक्की सांगता येत नाही. माई जगाव्यात असं वाटे. त्यांचा शब्द मोडू नये असंही वाटे. आणि कळलं तर मला घालवतील, ही भीती तर उठता बसता होतीच.

माई मार्गशीर्षात गेल्या, दुपारी, पोथी चालू असताना. मी एका जोडाक्षरावर अडले आणि वाट पाहिली, पण त्यांनी ते सांगितलं नाही.

दिवसकार्य उरकेपर्यंत वहिनींनी मला ठेवून घेतलं. शेवटच्या दिवशी मी माईंची खोली सारवत होते. खिडकीबाहेर ती मांजरी कुंडीशी बसून होती. वहिनी दारात आल्या, तिच्याकडे पाहत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "हिला आता उपास."

माझा सारवायचा हात थांबला. म्हणजे वहिनींना ठाऊक होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. माझ्या शेजारी बसून त्यांनी उरलेला कोपरा सारवला. त्या घरी मला तसं कधी कुणी वागवलं नव्हतं.

निघताना रावसाहेबांनी एक कागद दिला. दुसऱ्या घरी दाखवायला उपयोगी पडेल, म्हणाले. विश्वामित्री नदीच्या पुलावर थांबून मी तो उघडला. तोडून, जोडून, सगळा वाचला. लिहिलं होतं, ही बाई विश्वासू आहे, माझ्या मातोश्रींच्या औषधपाण्यात हिनं एकदाही चूक होऊ दिली नाही.

त्या कागदावर मला पुढची सगळी घरं मिळाली. पोटाला कधी कमी पडलं नाही, आणि ज्यांनी तो दिला त्यांचं नाव मी रोज देवाजवळ घेते. एकदा एका डाक्तरांना मी विचारलंही, त्या तेलानं अशी म्हातारी माणसं उठतात का. ते म्हणाले, कधी उठतात, कधी नाही.

अजूनही एखाद्या घरी अंथरुणातून कुणीतरी बाटलीकडे बोट करतं आणि विचारतं, यात काय आहे गं, वाच बरं. बाटलीवर कागद असतो. मला सगळी अक्षरं ओळखू येतात. मी सांगते, मला वाचता येत नाही.