भरती-ओहोटीची सीडी

"ह्येच्यात हलता काय?" असं आमच्या प्रत्येक धड्याबद्दल विचारून ते मॉनिटरच्या काचेवर बोट टेकवत. काचेवर तेलकट ठसा उमटे आणि पुढचा धडा मुलांनी त्या ठशातून बघायचा.

हे गृहस्थ आमच्या तालुक्याचे साधनव्यक्ती. म्हणजे संगणकावर धडा कसा तयार करावा, हे आम्हा शिक्षकांना शिकवणारे. तेव्हा आचऱ्याकडच्या आमच्या शाळेत नुकताच संगणक आला होता. प्रशिक्षणात त्यांनी पुस्तिका मोठ्याने वाचून दाखवली. पडद्यावर एका वेळी एकच गोष्ट दाखवा, शोभेचं सगळं काढून टाका, असं तिच्यात स्वच्छ छापलेलं होतं. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तिका मिटली आणि शोभेचं तेवढं करायला घेतलं. असा एखादा नमुना तुम्हीही पाहिला असेलच.

त्यांची भरती-ओहोटीची सीडी मी वर्गात लावली. अक्षरं एकेक करून भिरभिरत येत. चंद्र गोट्यासारखा घरंगळे. मागे बाजाची पेटी सुरू. आणि ऐन महत्त्वाच्या वाक्याला एक तांबडी कुर्ली, म्हणजे आमच्याकडचा खेकडा, पडदाभर तुरुतुरु चालत जाई, की घंटा वाजे. धडा संपल्यावर मी विचारलं, भरती कशामुळे येते? पहिल्या बाकावरची मुलगी ताडकन उठली. "बाई, कुर्ली उजवीकडसून इली नि घंटा वाजली!"

मी त्यांना म्हटलं, "गुरुजी, आधी ती कुर्ली काढा."

"बाईनू, कुर्ली काढलंय तर मगे रवला काय?"

राहत होता तो त्यांचा आवाज, पण तो त्यांच्या खिजगणतीत नव्हता. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालण्याचा, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवाला साकडं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. सीडीतला धडाही त्यांनी त्याच ठेक्यात वाचला होता. एक वाक्य, मग थांबायचं. भरदार, खर्जातला आवाज. त्या आवाजापुढे सगळी जत्रा गप्प उभी राहायची, आणि हा माणूस त्याच्यावर पेटी वाजवत होता!

मग सीडी बघायला जिल्ह्याचे साहेब आले. त्यांनी पसंत केली तर ती जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत जाणार होती. गुरुजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. धडा सुरू झाला, पेटीचा तुकडा संपला आणि खाऱ्या हवेने गंजलेल्या मॉनिटरने डोळे मिटले. पडदा काळाठिक्कर. आवाज तेवढा चालू राहिला.

"चंद्र समुद्राचं पाणी ओढतो..." गुरुजींचा आवाज थांबला.

"व्हय म्हाराजा!" अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला. देवळात गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला असंच म्हणायची सवय ती, जाते कुठे?

"म्हणून किनाऱ्यावर पाणी चढतं..."

"व्हय म्हाराजा!"

गुरुजी घामाने थबथबले. साहेबांनी रुमालात हसून घेतलं आणि विचारलं, भरती का येते? तीच मुलगी उठली. "चंद्र पाणी ओढता म्हणान!" पाठोपाठ ओहोटीही तिने बिनचूक सांगितली. मला वाटलं, आता तरी या दोघांच्या डोक्यात प्रकाश पडेल.

कसला पडतोय! साहेब म्हणाले, "चित्रं छान असणार. पण आवाज फारच गावठी आहे. शहरातल्या एखाद्या बाईंचा घ्या."

"हो साहेब, लगेच घेतो साहेब," गुरुजी म्हणाले. चेहऱ्यावर केवढा आनंद! मला त्यांची अशी चीड आली म्हणून सांगू. त्यांनी शहरातून गोड गळ्याची एक बाई आणली. आपल्या आवाजाच्या सीड्या तालुक्यातल्या शाळाशाळांतून गोळा केल्या आणि एकेक करून हातांनी मोडल्या. माझ्याकडची नेताना म्हणाले, "गोंधळ नको, बाईनू." नवी सीडी जिल्हाभर गेली आणि जिल्हाभरची मुलं कुर्ली कुठून येते ते शिकली.

निवृत्तीनंतर वर्षभरात ते गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांची बायको ओटीवर बसली होती. तिने माझ्यापुढे पाट सरकवला. मग हळूच म्हणाली, "बाईनू, देवळात आता दुसरो कोण गाऱ्हाणा घालता. तेंचो आवाज तुमच्या शाळेतल्या सीडीत आसा मां? माका एकदा ऐकूक गावतलो?"

 दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन, त्यांचा आवाज तिच्यात नाही हे ठाऊक असूनही, मी सीडी लावली. गोड गळ्याची बाई बोलू लागली. उजवीकडून कुर्ली आली आणि घंटा वाजली.