खिडक्यांची गोधडी

काकू आधी कपड्याला हात लावायच्या आणि मग माणसाशी बोलायच्या. आमची पहिली भेट गुडगावच्या आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये झाली. मी बदलत्या आकड्यांकडे बघत उभी होते. शेजारच्या सुती साडीतल्या बाईंनी माझ्या ओढणीचं टोक चिमटीत धरलं, अंगठ्यानं चोळून पाहिलं आणि सोडून दिलं. "चार धुण्यांत जाईल," त्या स्वतःशीच मराठीत म्हणाल्या. न विचारता कुणी हात लावलेला मला आवडत नाही. पण लिफ्टमध्ये मराठी ऐकून मी गडबडले आणि म्हणाले, "सरोजिनी नगरची आहे."

"तू?"

"ओढणी." मग खरं तेही सांगून टाकलं, "म्हणजे, मीपण."

दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारामागच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी वाढले. शाळा इंग्रजी, खेळ हिंदी, मराठी फक्त जेवणाच्या टेबलावर. बाबा रिटायर झाले आणि आईबाबा नाशिकला गेले. मला गुडगावात नोकरी लागली होती, म्हणून मी मागे राहिले. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये माझ्याबरोबर ऑफिसातली एक मुलगी राहायची. तिची ड्यूटी रात्रीची होती. ती निजायला यायची तेव्हा मी निघायचे. आमच्या समोरचं दार काकूंचं. त्यांचा मुलगा संदीप मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होता. कंपनीची बस त्याला उजाडायच्या आत घेऊन जायची आणि अंधारात आणून सोडायची. त्याच्या जेवणाचे हाल होऊ नयेत म्हणून काकू फलटणहून आल्या होत्या. "डबा भरला की माझा दिवस संपला," त्या म्हणायच्या. "मग उरतो तो गुडगावचा."

कपड्याबद्दल त्यांचं ठाम मत होतं. नवा कपडा म्हणजे कच्चा. तो अंगावर झिजायला हवा, उन्हात फिका पडायला हवा, मग कुठे तो गोधडीत घालण्याजोगा होतो. माझ्या ऑफिसच्या कुर्त्यांना हात लावून त्या पेरूबद्दल बोलावं तशा बोलायच्या, "हा अजून दोन वर्षं. हा वर्षभरात तयार." त्यांच्या बाल्कनीतून क्रेन दिसायच्या, खणलेले खड्डे दिसायचे, आणि मधेच कुणीतरी विकायचं विसरल्यासारखं एक मोहरीचं शेत. तिकडे बघत त्या एकदा म्हणाल्या, "इथं सगळंच कोरं आहे. माणसंसुद्धा."

एक दिवस लिफ्टमध्ये सोसायटीच्या लेडीज क्लबची नोटीस लागली. इंग्रजीत होती.

"काय लिहिलंय गं?" काकूंनी विचारलं.

"शिवणाची स्पर्धा आहे. छोटीशी गोधडी करायची, हातभर लांब, हातभर रुंद. विषय दिलाय. नेबरहुड. म्हणजे शेजारीपाजारी."

"कुणाचे?"

"आपलेच."

तळमजल्यावर दार उघडल्यावर काकू म्हणाल्या, "आपल्याला आहेत का?"

दोन दिवसांनी त्यांनी मला हाक मारून आत नेलं. त्यांची जुनी गडद निळी साडी घड्या घालून जमिनीवर अंथरलेली होती आणि तिच्यावर खडूनं चौकोन आखलेले होते. तो आमचा टॉवर होता. आमचा मजला आणि खालचे दोन, मिळून बारा घरं, घराला एक अशा बारा खिडक्या. फलटणला त्यांच्या आळीत बाळ व्हायचं असलं की बाळाच्या गोधडीला प्रत्येक घरातून एकेक जुना कपडा मागून आणायचे. विकत घेतलेला चालायचा नाही, वापरलेला आणि ज्याचा त्यानं हातानं दिलेला हवा. काकूंना खिडक्या तशाच भरायच्या होत्या. मी म्हटलं, तुमच्याकडे इतक्या साड्या आहेत, त्यातलेच तुकडे लावा ना. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "मग तो शेजार कसा होईल? ते माझंच घर झालं, बारा वेळा."

रविवारी त्या मला 'हिंदीला' म्हणून बरोबर घेऊन निघाल्या. तोवर मीही त्या इमारतीत कुणाची बेल वाजवली नव्हती. पहिलं दार साखळीपुरतं उघडलं. मी चाचरत विषय सांगितला. आतल्या बाई म्हणाल्या, "पुराने कपड़े तो हम बर्तनवाली को देते हैं, आंटी." दार लागलं. दुसऱ्या घरातल्या बाई फार प्रेमळ. मी पुरतं बोलायच्या आत त्यांनी कपड्यांनी भरलेली मोठी पिशवी आणून काकूंच्या हातात दिली. "सब ले जाइए. आपके बच्चों के काम आएँगे." काकूंनी दारातच बसून पिशवी उपसली, कोपरं विरलेला एक लहान फ्रॉक काढून घेतला आणि पिशवी परत केली. "बस. एक. खिड़की के लिए." बाई पिशवी हातात धरून बघत राहिल्या.

सहाव्या मजल्यावर एकटे राहणारे एक सरदारजी होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, आत गेले, आणि बऱ्याच वेळानं जुन्या कुर्त्याचा खिसा कापून घेऊन आले. "यह चलेगा?" काकूंनी खिसा उलटा केला तर आतून बडीशेपेचे दाणे पडले. चोळून पाहताच काकूंचा चेहरा उजळला. मला म्हणाल्या, "हा पिकलाय." पाचव्यावरच्या नव्या सुनेनं शाळेत असतानाची ओढणी दिली. फाडून देताना तिनं अर्धी स्वतःकडे ठेवली. बाकी कुणी घरात नव्हतं, कुणी असून नव्हतं.

माझा कुर्ता मी आपण होऊन नेला होता. काकूंनी तो हातात धरला आणि घडी घालून परत दिला. "तुझ्याकडे जुनं काहीच नाही का गं?"

"सगळं आई नाशिकला घेऊन गेली."

"असू दे. तुझी खिडकी नंतर."

त्या आठवड्यात गेटवरचे गार्ड त्यांना 'कपड़ेवाली आंटी' म्हणायला लागले. मग लिफ्टमध्ये नवी नोटीस आली, की दारोदार वस्तू मागत फिरणारं कुणी दिसलं तर ऑफिसला कळवावं. ती मी काकूंना वाचून दाखवली नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. पण संदीपनं वाचली होती. मी वाटी परत करायला गेले तेव्हा तो जेवत होता.

"आई, तुला काय हवंय ते मला सांग ना. मॉलमधून हवं तेवढं कापड आणतो. मीटरनं."

"शेजार मीटरनं मिळतो का?"

"लोकांना वाटतं तू मागायला येतेस."

"मागायलाच जाते की. मागितल्याशिवाय ओळख कशी व्हायची?"

"तू फलटणला नाहीयेस, आई."

"ते मला रोज कळतं," काकू म्हणाल्या आणि त्याच्या पानात आणखी भात वाढला. संदीप वाईट मुलगा नव्हता. तो खाली मान घालून सगळा भात जेवला. काकूंनी मात्र त्यानंतर कुणाची बेल वाजवली नाही.

त्या दुपारभर बाल्कनीत बसून धावदोरा घालायच्या, बोटाला चिंधी गुंडाळून. बारीक, जवळजवळ टाके. स्वतःच्या घराच्या जागी त्यांनी साडीच्या पदराचा तुकडा लावला. तो धरून चार खिडक्या झाल्या. उरलेल्या चौकोनांभोवती फक्त पांढऱ्या दोऱ्याची चौकट, आत नुसती निळी साडी. शेवटच्या दिवसापर्यंत त्या थांबल्या. दाराबाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की त्यांची सुई थांबायची.

स्पर्धेच्या दिवशी क्लबच्या हॉलमध्ये गोधड्या टांगल्या होत्या. कुणी टिकल्या लावून मॉल केला होता, कुणी हिरव्या मखमलीचं गोल्फचं मैदान. परीक्षक म्हणून आलेल्या बाई काकूंच्या गोधडीपुढे थांबल्या, मान तिरकी करून पाहिलं आणि मोठ्यानं हसल्या. "ओह, पावर कट! सो विटी!" त्या आठवड्यात रोज लाइट जात होते. सगळा हॉल हसला आणि टाळ्या वाजल्या. काकूंना विनोदाचं खास बक्षीस मिळालं, एक टोस्टर.

त्या खोकं छातीशी धरून माझ्याजवळ आल्या. "का हसल्या गं?"

मी सांगितलं, "त्यांना वाटलं, उरलेल्या खिडक्यांतले लाइट गेलेत. आपल्याकडे जातात तसे."

काकूंनी गोधडीकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कुणी केली होती. "तसंच समजू दे," त्या म्हणाल्या. "गेलेले लाइट येतात तरी."

आणि एक आला. साखळीच्या दारातल्या बाई दोनतीन दिवसांनी आपण होऊन आल्या, हातात उशीचा मऊ पडलेला अभ्रा. "आंटी, हमारी वाली में भी लाइट लगा दीजिए." काकूंनी त्यांना बसवून चहा पाजला आणि त्यांच्या देखत खिडकी लावली. पुढचे कितीतरी दिवस दुपारी त्यांचं दार अर्धवट उघडं असायचं. आणखी कुणी आलं नाही. क्लबच्या बाई गोधडी फ्रेम करून हॉलमध्ये लावू या म्हणाल्या. काकू म्हणाल्या, "काचेत घातल्यावर पांघरायची कशी?"

वर्ष पुरं व्हायच्या आत संदीपची बदली चेन्नईजवळच्या कारखान्यात झाली. सामान बांधलं तेव्हा काकूंनी ती गोधडी मिक्सरभोवती गुंडाळली. माझा चेहरा त्यांना दिसला असावा. "वापरायलाच केलीय," त्या म्हणाल्या.

ट्रकमध्ये सामान चढत होतं तेव्हा त्या ठेवणीतली साडी नेसून बाहेर आल्या. "चल. सांगून यायला हवं."

"कुणाला?"

"सगळ्यांना. न सांगता कसं जायचं?"

तिन्ही मजल्यांवर आम्ही प्रत्येक बेल वाजवली. या वेळी काकू स्वतःच बोलत होत्या, मी नुसती शेजारी उभी. "हम जा रहे हैं," त्या म्हणायच्या. एकीनं विचारलं, "आप यहीं रहती थीं?" मग कपड्यांची पिशवी देणाऱ्या त्या प्रेमळ फ्रॉकवाल्या बाई. त्या म्हणाल्या, "अभी कपड़े नहीं निकाले हैं, आंटी. अगले हफ़्ते आइए."

"नहीं, कपड़ा नहीं," काकू म्हणाल्या. "बस, बताने आई."

अभ्रा देणाऱ्या बाई गावाला गेल्या होत्या. सरदारजींनी हात जोडले आणि लिफ्टपर्यंत सोडायला आले. नवी सून घरात नव्हती. बंद दारांसमोरही काकू बेल वाजवून तेवढाच वेळ थांबल्या, आणि मग दारालाच हळूच मराठीत "येते" म्हणाल्या.

आम्ही परत सातव्यावर आलो. खालून ट्रकचा हॉर्न वाजत होता.

"आता तुझंच राहिलं," काकू म्हणाल्या.

"मी इथेच तर आहे, काकू."

"असं नाही. तू आत जा. दार लाव."

मी आत गेले आणि दार लावलं. सवयीनं कडीही घातली. रूममेट झोपलेली होती, घरात अंधार होता. त्या घराची बेल तोवर गॅसवाला नाहीतर कुरियरवाला वाजवायचा. ती वाजली. मी आतून कुठून तरी येतेय असा थोडा वेळ जाऊ दिला, कडी काढली आणि दार पूर्ण उघडलं.

काकू पदर खांद्यावरून घेऊन उभ्या होत्या, पहिल्यांदाच आल्यासारख्या.

"येते हं," त्या म्हणाल्या.

"या," मी म्हणाले.