गौरीचे हात बघायला बोरिवलीला

बोरिवलीच्या जंगलात जायचं ठरलं ते हातांपायी.

ऐंशीच्या दशकातली, गिरण्यांच्या संपानंतरची ती वर्षं. आम्ही मरोळला राहायचो. गणपतीत घरचे सगळे मालवणकडे गावी जायचे, पण त्या साली मला चौथा महिना होता. आदल्या वर्षी पोटातलं टिकलं नव्हतं, त्यामुळे डॉक्टरांनी एसटीच्या धक्क्यांना साफ नकार दिला. सासूबाई लगेच म्हणाल्या, "मगे मी पण जाऊचंय नाय." गावचं सगळं जाऊबाईंवर सोपवलं आणि छोटीशी गौर आमच्या खोलीतच मांडायची ठरली.

तेरडा बाजारात मिळाला. "आता हात व्हये," आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या. मी साताऱ्याची. आमच्याकडे गौरीला मुखवटा आणि लाकडी नाहीतर पितळी हात असतात. मी शहाणपणाने विचारलं, "भांड्यांच्या दुकानात बघू का?" आई इतक्या हसल्या की ठसका लागला. "अगो, फूल ता! तेरड्याच्या गौरीक दोन बाजूंनी लावतत." शेजारच्या मावशींनी सांगितलं, तसली फुलं बोरिवलीच्या नॅशनल पार्कात असतात. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निघालो.

तुम्हाला जायचं असेल तर श्रावण-भाद्रपदातच जा, आणि सकाळी. आम्ही हायवेवरून जाणारी बस पकडली. ड्रायव्हरमागची बाकं कमी हादरतात म्हणून आईंनी ती जागा एका कॉलेजच्या मुलाला उठवून मिळवली. उद्यानाचं तिकीट किरकोळ होतं. आत उपाहारगृहाच्या भरवशावर राहू नका, आम्ही तांदळाची भाकरी आणि लसणीची चटणी नेली होती. वासाने मला मळमळत होतं, तरी मीच दीड भाकरी खाल्ली. गेटबाहेर एक बाई पाड्यावरच्या काकड्या मीठ-तिखट लावून विकत होती, त्या मात्र चुकवू नका.

आत सगळं हिरवंगार. ओढ्याच्या कडेने रस्ता होता, चिखलात चप्पल रुतायची. आई चढावर माझा दंड धरायच्या आणि उतारावर पुढे होऊन उभ्या राहायच्या. मला त्याचा थोडा रागही येत होता. मी काय काचेची आहे?

तेवढ्यात त्या ओरडल्या, "बघ गो, गौरीचे हात!"

एका झुडपावर वेल चढला होता. पाकळ्या वर वळलेल्या, बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल. पानांची टोकं वळून फांदीला विळखे घालून बसलेली. मी बघितलं आणि दोन पावलं मागे सरले.

"आई, ही तर कळलावी!"

आमच्याकडे हे फूल कुणी घरात आणत नाही. घरात आलं की भांडणं लागतात, आणि पोटुशीने तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. त्याच्या कंदाने पोटात कळा येतात, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. माझा हात आपोआप पोटावर गेला. आईंचा हात फुलाकडे निघालेला, तो तसाच थांबला. त्यांनी फुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता रागावणार.

मागून पहारेकऱ्याने हाक दिली. "आजी, तोडू नका हां. औषधवाले कंद खणून नेतात, म्हणून आता थोडीच राहिलीत. लांबून बघा."

"बघतंव रे, बघतंव," म्हणत आईंनी हात मागे घेतला. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं. गावाला न जाता त्या माझ्यासाठी राहिल्या होत्या आणि आता त्यांची गौर अशीच बसणार होती. बराच वेळ त्या वेलासमोर उभ्या होत्या. तुम्हीही तसेच उभे राहा. तोडण्यासारखं ते फूल नाहीच.

जाताना काकडीवालीला आम्ही फुलाचं सांगितलं होतं; बाहेर येताच आईंचा चेहरा पाहून तिने विचारलंच, "फूल नाय गावलं काय? माझ्या झोपडीच्या कुंपणाला हाय ना. घरचंच हाय. चला, देते."

मी खाली मान घातली. 'नको' म्हणायची माझी हिंमत नव्हती.

आईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नको गो बाय," त्या म्हणाल्या. "दोन काकडे दी. सुनेक आवाडतत."

गौर बसली ती नुसत्या तेरड्याची. संध्याकाळी शेजारच्या मावशी हळदीकुंकवाला आल्या आणि बघताच म्हणाल्या, "हे काय, हात कुठायत?"

मी आत घावनं घालत होते. कालथा हातात तसाच राहिला.

"थय बंदी आसा," आईंचा आवाज आला. "आणि दुसरीकडे खय गावलीच नाय."

मावशी गेल्यावर मी बाहेर आले. डोळे भरून आले होते. पण रडू नये म्हणून चेष्टाच केली, "आई, गौरीसमोर खोटं?"

त्या समईत तेल घालत होत्या. "ती माहेराक इलेली आसा," म्हणाल्या. "पोटातली भीती तिका कळता."