हिरामावशीचा डबा आणि माझा ड्रायव्हर

मंडळी, आज सातपाटीत माझी चांगलीच जिरली.

तिथल्या एका मच्छीमार सोसायटीत मासळी तोलायचा काटा कॉम्प्युटरला जोडलाय. तो जोडणारा ड्रायव्हर, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, मी बोईसरला घरी बसून लिहिला. गेले दोन महिने रोज अकराच्या सुमारास कॉम्प्युटर ठप्प व्हायचा. मी फोनवरून ठासून सांगायचो, "बायका ओले हात लावतात, दुसरं काही नाही." बिचाऱ्यांना रोज बोलणी बसायची.

आज स्वतः जाऊन पाहिलं. चूक माझीच होती. हा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या पार गाभ्यात चालतो. तो प्रत्येक वजनाला थोडी मेमरी मागून घेतो आणि काम झाल्यावर परत करायला विसरतो. अकरापर्यंत सगळी मेमरी संपते.

मासळी तोलायला रांगेत उभ्या असलेल्या हिरामावशीला मी हे मान खाली घालून सांगितलं.

ती म्हणाली, "आमाला जुना क्रेट परत केल्याबिगर सोसायटी नवा देत नाय. तुज्या ड्रायव्हरला कोनी शिकवला नाय काय?"

"मीच लिहिलाय, मावशी."

"मंग बरोबर हाय. काटा बसवायला आलास तवा बोंबलाचं कालवण दिलेलं, तो माजा डबा अजून तुज्याकडंच हाय."

ड्रायव्हर दोन ओळींत दुरुस्त झाला. घरी येऊन डबा शोधला, तर बायकोने तो लोणचं भरून पालघरला सासूबाईंकडे पाठवलाय. तिथून आजवर एकही डबा परत आलेला नाही.

खरं सांगा, तुमच्या स्वयंपाकघरात आत्ता कुणाचा डबा आहे?