पृथ्वीगोलावरचा दोरा

लंडनला मुलीकडे राहून मी परततो आहे. विमानातल्या पडद्यावर नकाशावरची आमच्या मार्गाची वाकडी रेषा, मुंबईपर्यंतचं उरलेलं अंतर आणि वेळ दिसतो. ती रेषा पाहताच वसमतजवळच्या आमच्या गावातली, नव्वदच्या दशकातली एक दुपार आठवली.

शेजारच्या गयाबाईंचे यजमान सकाळी वारले होते. लंडनमधल्या मुलाने फोनवर "विमान मिळालं, निघतो" एवढंच कळवलं होतं. उन्हाळ्यामुळे जाणती माणसं फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत थांबायला तयार होती. मी भूगोल शिकवत असल्याने हिशेब माझ्याकडे आला. शाळेतला पृथ्वीगोल अंगणात आणून मी लंडन ते मुंबई असा पांढरा दोरा ताणला, प्रमाणाने मोजला आणि सांगितलं, "नऊ-दहा तास."

गयाबाईंचा चेहरा उजळला. "मंग सकाळपस्तोर येतंय की लेकरू!"

"ते मुंबईपर्यंत, बाई. पुढं रेल्वे, मग एसटी. त्याला विमानाहून जास्त वेळ लागतो. उद्याची संध्याकाळ होईल."

"म्हंजे लंडन जवळ अन् मुंबई लांब व्हय, गुरुजी?"

शवाखालचा बर्फ वितळून पाणी माझ्या पायांपर्यंत आलं होतं. गयाबाईंनी दोरा माझ्या हातातून घेतला, बोटाला गुंडाळला आणि म्हणाल्या, "उचला."

ती दुपार आजवर मी अंगणातूनच पाहत आलो. आज पट्टा बांधून बसल्यावर लक्षात येतं, आम्ही स्मशानाकडे निघालो तेव्हा त्यांचा मुलगा असाच आकाशात अडकलेला होता, आणि घड्याळ पाहून आपण वेळेत पोहोचू असं मानत होता.