बदली तास

"हिला बाई म्हणायचं नाही. शिकवतात त्या बाई. ही लायब्ररीत असते."

प्रार्थनेला साऱ्या शाळेसमोर हेडबाई मोठ्यानं बोलल्या. सहावीतल्या एका पोरीनं मला "नमस्ते बाई" म्हटलं होतं, एवढाच तिचा गुन्हा. पोर रडवेली झाली. माझे कान तापले, पण नोकरी नवी होती.

हैदराबादच्या बरकतपुऱ्यातली मुलींची मराठी शाळा. निजामाच्या दफ्तरात आणि कोर्टात पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्या घराण्यांनी काढलेली. आम्ही नांदेडकडचे. बाप सिकंदराबादला रेल्वेच्या शेडमध्ये कोळसा उपसायचा. मी मॅट्रिक झाले, ग्रंथालयाचं सर्टिफिकेट घेतलं, तेव्हा तात्पुरती म्हणून मला घेतलं. नुकताच आम्ही बुद्धाचा धम्म स्वीकारला होता. हेडबाई माझ्या हातून पुस्तक घेत नसत. टेबलावर ठेवायला सांगत, मग उचलत. ते पुस्तक मीच पुसलेलं, मीच लावलेलं. त्याचा विटाळ मात्र त्यांना होत नव्हता.

मग प्रांतरचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद तेलुगू मुलखात राहिलं. नवऱ्यांच्या बदल्या झाल्या तशा निम्म्या शिक्षिका औरंगाबाद, परभणीकडे गेल्या. मराठी शिकवणाऱ्या बाई आता इथं आणायच्या कुठून? शाळेनं सोपी वाट काढली. ज्या वर्गाला बाई नाहीत तो वर्ग लायब्ररीत. शिपाई दारात यायचा. "सातवीकू भेजरैं. संभालो."

सांभाळलं. कविता शिकवल्या, भूगोल शिकवला, अपूर्णांक शिकवले. वर्षभर. हजेरी घ्यायची परवानगी नव्हती, कारण हजेरी बाई घेतात.

त्या तासांनी मला खूप दिलं, खोटं कशाला बोलू? एखादी पोर "भावासाठी" म्हणून बालवर्गाचं पुस्तक मागते, तेव्हा तिला स्वतःला धड वाचता येत नसतं. ते ओळखायला मी सातवीच्या पोरींकडूनच शिकले. वर्गात पोरीला उत्तर यावंच लागतं. लायब्ररीत काही आलं नाही तरी चालतं. हा फरक ज्याला कळतो तो ग्रंथपाल. तेव्हा ग्रंथपालाला शिकवण्याचा अनुभव लागतो की नाही, यावर माझं भांडणच नाही. लागत असेल.

शेवटी ग्रंथपालाची कायम जागा निघाली. आमच्या घरातली पहिली कायम, बसून करायची नोकरी मला मिळणार, असं बापानं शेडमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं.

कमिटीत हेडबाई आणि एक वकीलसाहेब.

"गाव कुठलं? आडनाव?"

सांगितलं.

"म्हणजे ते नव्यानं बौद्ध झालेले." वकीलसाहेब पेन्सिलीला टोक करू लागले. "ग्रंथपालाला वर्गात शिकवल्याचा अनुभव लागतो. तुला आहे?"

"आहे. सातवीला वर्षभर मीच शिकवलं."

हेडबाई हसल्या. "अगं, ते बदली तास. मुलींना गप्प बसवणं म्हणजे शिकवणं नव्हे."

जागा वकीलसाहेबांच्या भावजयीला मिळाली. तिनं कुठल्याशा शाळेत भरतकाम शिकवलं होतं. सुईत दोरा ओवायला शिकवलं की पुस्तकांची अक्कल आपोआप येते, असा त्या विद्वान घराण्यांचा समज असावा. मला सांगितलं, तू मदतनीस म्हणून राहा.

घरी बापाला सांगितलं. तो म्हणाला, "काम तुझं अन्‌ नाव त्येंचं. गाव सोडलं तरी हे सुटंना व्हय गं?"

डोक्यात लख्ख झालं. माझा आजा पाटलाच्या दारात वेठ करायचा. मी हातात खडू घेऊन तेच करत होते. धुतलेलं पातळ नेसून, सर्टिफिकेट घेऊन, वेठच.

दुसऱ्या दिवशी शिपाई आला. "सातवीकू भेजरैं."

"नक्को," मी म्हणाले. "बोलो उनकू, मेरेकू पढाना नै आता."

तो परत गेला. मग हेडबाई स्वतः आल्या, मागे सगळी सातवी. "अगं, परीक्षा तोंडावर आलीय! काय चाललंय हे?"

"मला शिकवण्याचा अनुभव नाही. कमिटीनंच ठरवलंय. मग माझ्या हाती मुली कशा देता? नव्या ग्रंथपालबाईंना सांगा, त्यांना अनुभव आहे."

"माजलीस तू."

"हो."

पोरी व्हरांड्यात उभ्या राहिल्या. एक जण माझ्याकडे बघत होती, शिक्षा झाल्यासारखी. त्यांचा काहीच दोष नव्हता, आणि नुकसान त्यांचंच होत होतं. ते तेव्हाही कळत होतं, आजही सलतं. पण पोरींच्या मायेच्या आडूनच ही भली माणसं आम्हाला फुकट राबवून घेतात. माया आम्ही करायची, पद त्यांनी घ्यायचं.

महिनाअखेर मला काढलं. काढू देत. माझा अनुभव खरा आहे, आणि ज्याला तो हवा असेल त्यानं आधी माझ्या नावानं तो कबूल करायचा. नाहीतर वर्ग ओस पडो, परीक्षा बुडो, मी कुणाच्या फळ्याला हात लावणार नाही.