खांग्लिश

सिल्व्हासात तेव्हा प्रत्येकाच्या इंग्रजीला नाव ठेवलेलं असे. ऑफिसातल्या गुजराती बाबूंची ती गुंग्लिश, उत्तरेकडून आलेल्या ऑपरेटरांची हिंग्लिश आणि आमच्या आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, खांग्लिश. खानदेशातला माणूस अहिराणीत इंग्रजी कालवून बोलणार, दुसरं काय! आप्पांना त्याचा राग नव्हता. "आपलीबी एक इंग्लिश शे," म्हणून ते मिशीतल्या मिशीत हसायचे. राग मला यायचा. चेष्टा करणाऱ्यांची इंग्रजी मी ऐकली होती.

आप्पा धाग्याच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मशीनवरच्या कामगारांचे मुकादम होते. तिथे पाळी बदलताना एक रीत होती. जाणाऱ्याने मशीनपाशी उभं राहून काय चालू, काय बंद ते सांगायचं. येणाऱ्याने तेच आपल्या शब्दांत परत बोलून दाखवायचं. तोवर जाणाऱ्याने जागा सोडायची नाही. कोण कुठल्या बोलीत बोलतो, याचं मशीनला काही देणंघेणं नव्हतं.

मग नवे साहेब आले. पाळी चोख इंग्रजीत द्यायची आणि एकदाच बोलायचं, परत बोलण्यात वेळ जातो, असा त्यांनी हुकूम काढला. सुपरवायझरची एक जागा रिकामी होती. तिच्यासाठी आप्पा आणि मुंबईकडचा एक फिटर, अशी दोनच नावं होती. सुपरवायझरला कंपनीची हवेशीर खोली मिळे. टोकरखाड्यात आम्ही पाचजण एका खोलीत राहत होतो, तिथेच स्टो धुमसायचा, आणि आईला दमा होता. ती जागा आम्हाला किती हवी होती, ते तिच्या धापेवरून कुणालाही कळलं असतं.

मी नववीत होते. संध्याकाळी आप्पा माझ्यासमोर ताठ उभे राहून पाठ म्हणायचे, "मशीन नंबर फाइव्ह इज अंडर मेंटेनन्स. प्लीज डू नॉट स्टार्ट." आई स्टो आवरताना मन लावून ऐकायची. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

साहेब ऐकायला आले त्या दिवशी पाच नंबर खरोखरच बंद होतं. तो फिटरच आत वाकून काम करत होता. समोर पाळी घ्यायला खानवेलचा एक वारली गडी उभा होता. आप्पांनी सगळं न अडखळता म्हटलं. साहेबांनी मान डोलावली. तो गडीही "यस सर" म्हणाला आणि त्याने स्विचकडे हात नेला.

आप्पांनी त्याचं मनगट धरलं. "भाऊ, हात नको लावू! पाच नंबर शटडाऊन शे. मझार माणूस शे, माणूस!"

गडी पांढरा पडला. "पाच नंबर शटडाऊन," तो म्हणाला. "अंदर माणूस हाय. हात नाय लावायचा." हे पूर्ण ऐकल्यावरच आप्पांनी त्याचं मनगट सोडलं. साहेब कपाळाला आठ्या घालून निघून गेले.

जागा फिटरला मिळाली. त्याची इंग्रजी स्वच्छ होती. आजूबाजूच्या मशीनींच्या घरघरीत आत त्याला काहीच ऐकू गेलं नव्हतं, आणि आप्पांनी त्याला सांगितलं नाही. आई रडली, भांडली. "तुम्ही नही सांगत, तर मी सांगस त्याले," म्हणाली. "सांगीसन काय व्हई?" एवढंच आप्पा म्हणाले. मला ते तेव्हा पटलं नाही. खरं सांगायचं तर आजही पुरतं पटत नाही.

फिटर कंपनीच्या खोलीत राहायला गेला, त्या दिवशी त्याचं कपाट उचलायला आप्पा गेले. मागोमाग आईही निघाली. आज सांगूनच येते, असा तिचा आवेश होता, म्हणून मीही गेले. दारात रिक्षा थांबली. फिटर उतरला, त्याने आपल्या झोपलेल्या लेकीला दोन्ही हातांनी अलगद उचलून खांद्यावर घेतलं आणि तिच्या पाठीवर थोपटत आत गेला.

आई धाप लागलेली, दाराची चौकट धरून बघत उभी राहिली. मग पदर खोचून तिने त्याच्या बायकोच्या हातातली बादली घेतली.